चंचल बालकास आखाड्यात धाडण्यापूर्वी

शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने लोटले आणि पहिल्या चाचणीचे गुण घरी आले, की आमच्या चिकित्सालयात एका विशिष्ट तक्रारीसाठी येणाऱ्या पालकांची संख्या वाढते. बालक सहा ते दहा वर्षांचे असते. ते खुर्चीवर स्थिर बसत नाही; टेबलावरील खलास हात लावते, वजनकाट्यावर तीनदा चढते-उतरते आणि आईस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रश्न पुरा होण्याआधीच देऊन टाकते. आई दप्तरातून वही काढून बाईंचे शेरे दाखविते. वडील मात्र बहुधा एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, याला कराटेला घालू का? अंगातली मस्ती तरी जिरेल. दमला म्हणजे शांत झोपेल."

आपल्यापैकी प्रत्येक व्यवसायबंधूस हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेला असेल. बहुतेक वेळा आपण "अवश्य घाला" असे म्हणून मोकळे होतो आणि सोबत एखादे मेध्य घृत लिहून देतो. व्यायामाची शिफारस करण्यात चूक काय, असे कोणासही वाटेल. आमचेही तसेच मत होते. आज आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. त्या वडिलांना द्यावयाचे उत्तर पुष्कळदा होकारार्थीच असते. परंतु त्यांच्या प्रश्नात दडलेले कारण चुकीचे असते, आणि ते दुरुस्त न करता दिलेला होकार बालकास अपाय करू शकतो. युद्धकलेचे खरे मोल बालकास थांबावयास शिकविण्यात आहे. केवळ दमविण्यासाठी ती योजली, तर फसते.

आमचीच एक चूक

काही वर्षांपूर्वी एका किराणा दुकानदाराचा आठ वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. लक्षणे वर लिहिल्याप्रमाणेच. आम्ही नाडी पाहिली, वातप्रधान प्रकृती म्हणून नोंद केली, ब्राह्मीघृत व शंखपुष्पी सुरू केली आणि जाता जाता "कराटेला घाला" असे सांगितले. हे वर्तन किती वर्षांपासूनचे, घरी व शाळेत दोन्हीकडे दिसते काय, मुलास ऐकू व दिसू नीट येते काय, यांतील काहीही आम्ही विचारले नाही. कोणत्या वर्गात घालणार, हेही विचारले नाही.

वडिलांनी घराजवळचा वर्ग निवडला. एका सभागृहात चाळीस-पन्नास मुले आणि शिकविणारा एक. एक मूल लाथ मारून परत येईपर्यंत उरलेल्यांनी रांगेत उभे राहावयाचे. ज्या मुलास थांबणे हीच सर्वांत अवघड गोष्ट, त्यास पाऊण तासातील अर्धा तास केवळ थांबण्याची शिक्षा! तो रांग सोडू लागला, शेजाऱ्यास ढकलू लागला. त्याबद्दल त्यास मैदानाच्या फेऱ्या आणि उठाबशा मिळू लागल्या. दोन महिन्यांनी "याला उद्यापासून आणू नका" असा निरोप आला.

वडील आमच्यावर रागावले नाहीत, याचेच आम्हांस अधिक वाईट वाटले. त्यांनी केवळ एवढे विचारले, "डॉक्टर, औषध बदलून देता का? परवा रात्री मला म्हणाला, बाबा, मी वाईटच आहे ना?"

त्या दिवशी आम्ही औषध बदलले नाही. मुलास जिल्ह्याच्या ठिकाणी बालमानसोपचार तज्ज्ञांकडे पाठविले. रीतसर तपासणीअंती अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकाराचे, म्हणजे ज्यास सर्वत्र एडीएचडी म्हणतात त्याचे, निदान झाले. आमच्या हातून त्यातील कित्येक महिने वाया गेले होते. हे लिहिताना संकोच वाटतो. तथापि अशी चूक आमच्या एकट्याचीच झाली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

शास्त्राची भूमिका

या विकाराचे नाव संहितांत शोधण्याचा खटाटोप अलीकडे पुष्कळ होतो. चरकाचार्यांनी वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत अनवस्थितचित्तत्व सांगितले आहे आणि त्याचे साम्य नाकारता येत नाही. परंतु त्या एका शब्दावरून संपूर्ण निदान उभारणे, किंवा त्याहीपुढे जाऊन बालकास उन्मादाच्या कोष्टकात बसविणे, हे आम्हांस मान्य नाही. त्यापेक्षा शारीरस्थानात वर्णिलेले धी, धृती व स्मृती यांचे विवेचन आपणांस अधिक उपयोगी पडते. धृती म्हणजे मनास आवरून धरणारी, नियमन करणारी शक्ती. उत्तर ठाऊक असूनही बाईंनी नाव घेईपर्यंत तोंड मिटून ठेवणे, हे धृतीचे काम. या बालकांची बुद्धी पुष्कळदा उत्तम असते. कमी पडते ती धृती.

आता व्यायामाकडे वळू. येथे एक अडचण आहे व ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाग्भटांनी दिनचर्याध्यायात ज्यांनी व्यायाम वर्ज्य करावा त्यांच्या यादीत वातपित्ताचे रोगी, वृद्ध व अजीर्णी यांच्यासमवेत बालकाचाही उल्लेख केला आहे. सुश्रुतमते सोळा वर्षांपर्यंत बाल्यावस्था. मग आठ वर्षांच्या मुलास आखाड्यात धाडा, असे वैद्याने कोणत्या तोंडाने सांगावे?

आमच्या मते या निषेधाचा रोख अपक्व धातूंच्या शरीरावर पडणाऱ्या श्रमाकडे आहे. त्याच अध्यायात बलवान व स्निग्धभोजी मनुष्यानेही अर्धशक्तीनेच व्यायाम करावा असे सांगितले आहे, आणि अतिव्यायामाने तृष्णा, श्वास, कास, ज्वर व छर्दी संभवतात असा इशारा दिला आहे. मग बालकास 'दमून पडेपर्यंत' राबविण्यास शास्त्राचा आधार मुळीच नाही. ज्याचा वात आधीच चळलेला, झोप तुटक, आहार अनियमित, त्यास आणखी श्रमविले तर वात वाढेल की शमेल, हे आपल्यापैकी कोणासही सांगावयास नको. अतिश्रमाने चिडचिडे होऊन रात्री उशिरापर्यंत टक्क जागे राहणारे मूल आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

उलटपक्षी, चरकाचार्य सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाचे लक्षण सांगताना बलाच्या जोडीने स्थैर्याचा उल्लेख करतात आणि तो मात्रेने करावा असे बजावतात. शरीराच्या ज्या चेष्टेने स्थैर्य येते ती बालकास वर्ज्य कशी असेल? पाय रोवून उभे राहणे, आज्ञा होताच एकच पाऊल टाकणे, पुन्हा स्थिर होणे, या क्रियांत श्रम अल्प आणि स्थैर्य पुष्कळ आहे. आम्ही दोन वचनांचा मेळ असा घालतो. विद्वान वाचकांचे मत निराळे असल्यास ते या पत्रिकेतून अवश्य मांडावे.

अर्वाचीन संशोधनाचा कौल

पाश्चात्त्य देशांत या विषयावर जे संशोधन झाले त्याचाही कल याच दिशेस आहे. अमेरिकेतील मायकेल ट्रल्सन यांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुन्हेगारी प्रवृत्तीच्या किशोरवयीन मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटास ध्यान, शिष्टाचार व गुरूचा आदर यांसह पारंपरिक तायक्वांदो शिकविले. दुसऱ्यास केवळ मारामारीचे तंत्र शिकविले आणि तिसऱ्यास इतर शारीरिक खेळ दिले. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील आक्रमकता घटली. दुसऱ्या गटाची मात्र वाढली. कला एकच, शिकविण्याची रीत निराळी आणि परिणाम विरुद्ध! ही मुले एडीएचडीची नव्हती हे खरे, तथापि पालकांनी व वैद्यांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे.

२००४ साली किंबर्ली लेक्स व विल्यम हॉयट यांनी शाळकरी मुलांच्या एका गटास तायक्वांदो व दुसऱ्यास नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास देऊन तुलना केली. तायक्वांदोच्या गटात आत्मनियमन अधिक सुधारल्याचे आढळले. त्या वर्गातील एक गोष्ट आम्हांस फार आवडली. मुलांनी स्वतःस तीन प्रश्न विचारावयाचे असत: मी कोठे आहे, मी काय करीत आहे आणि या वेळी मी काय करावयास हवे? स्मृती व धृती यांचा अभ्यास याहून सोपा करून सांगता येईल असे वाटत नाही. २०११ साली ॲडेल डायमंड व कॅथलीन ली यांनी 'सायन्स' या नियतकालिकात चार ते बारा वर्षांच्या मुलांतील आत्मनियमन वाढविणाऱ्या उपायांचा आढावा घेतला, त्यातही पारंपरिक युद्धकलेस स्थान दिले.

तथापि याचा अर्थ फुगवून सांगू नये. प्रत्यक्ष एडीएचडीच्या बालकांवर झालेले या प्रकारचे अभ्यास लहान आहेत, आणि कोणते मूल वर्गात जाते हे पालकांस ठाऊक असल्याने त्यांच्या अभिप्रायात पक्षपात शिरतो. व्यायामाने अवधानास मदत होते एवढे म्हणण्यास आधार आहे. व्यायामाने विकार बरा होतो, किंवा तज्ज्ञांचे औषध अनावश्यक ठरते, असे म्हणण्यास आधार नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेत सहा वर्षांखालील बालकासाठी प्रथम पालकांचे प्रशिक्षण, आणि त्यानंतरच्या वयात औषध व वर्तनोपचार यांची जोड सुचविली आहे. आखाडा हा या व्यवस्थेचा पूरक आहे, पर्याय नव्हे.

पाठविण्यापूर्वी

म्हणून आमच्या चिकित्सालयात आता क्रम असा असतो. लक्षणे किमान सहा महिन्यांची आहेत काय, बारा वर्षांच्या आत सुरू झाली काय आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसतात काय, हे विचारतो. श्रवण व दृष्टी तपासून घेतो. रात्री घोरणे, तोंडाने श्वास घेणे, झोप मोडणे, पांडू, कृमी यांची चौकशी करतो. बोलता बोलता क्षणभर शून्यात पाहणारे मूल हे 'लक्ष नसलेले' मूल नसून अपस्माराचा एक प्रकार असू शकतो, हे ध्यानात ठेवतो. शंका आल्यास तज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब लावीत नाही. हृद्रोग, अपस्मार किंवा अस्थिविकार असल्यास त्या त्या तज्ज्ञाच्या संमतीवाचून आखाड्याचे नाव काढीत नाही.

येथे मुलींविषयी दोन शब्द. मुलींत चंचलतेपेक्षा अवधानाची उणीव अधिक दिसते. ती मागच्या बाकावर खिडकीबाहेर पाहत बसते, कोणास त्रास देत नाही, म्हणून तिची तक्रार घेऊन कोणी येतही नाही. तिच्यासाठीही लाठी वा मल्लखांब तितकाच हितकर आहे. 'मर्दानी खेळ' या नावामुळे ती वंचित राहू नये.

आखाडा कसा निवडावा?

आता त्या दुकानदाराच्या मुलाकडे परत येऊ. निदान झाले, पालकांस मार्गदर्शन मिळाले, तज्ज्ञांचे औषध सुरू झाले. त्यानंतर चारएक महिन्यांनी आम्ही त्यास गावातील एका जुन्या तालमीत नेले. तेथील वस्ताद सात-आठ मुलांस लाठी व मल्लखांब शिकवीत. या वेळी आम्ही स्वतः सोबत गेलो आणि मुलाची अडचण वस्तादांस समजावून दिली.

त्यांनी काही पुस्तक वाचले नव्हते. पण जे केले ते शिकण्यासारखे आहे. जमिनीवर फक्कीने एक गोल आखला आणि सांगितले, "ही तुझी जागा." एका वेळी एकच आज्ञा दिली. रांगेत त्यास पहिला वा दुसरा उभा केला, म्हणजे वाट पाहणे थोडेच. लाठ्या वाटण्याचे व मोजून परत ठेवण्याचे काम त्याच्याकडे दिले. पहिले तीन महिने हाती लाठी दिली नाही, केवळ पवित्रे. चुकला तर पुन्हा गोलात उभे राहावयाचे आणि दहा अंक मोजून फिरून आरंभ करावयाचा. शिक्षा म्हणून एकही उठाबशी नाही. साधले की लगेच, सर्वांदेखत, "शाब्बास!"

बालकास भीती घालून वळण लावू पाहणाऱ्यांनी चरकसंहितेतील कुमारागाराचे प्रकरण पुन्हा वाचावे. रडणाऱ्या किंवा न ऐकणाऱ्या बालकास राक्षस-पिशाच्चांची नावे घेऊन भेडसावू नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. आरडाओरडा करणारा प्रशिक्षक त्या पिशाच्चाहून फारसा निराळा नव्हे.

कोणती कला निवडावी, याविषयी आमचा आग्रह नाही. मुलांसाठी तिची मांडणी मुद्दाम केलेली असावी, एवढेच. ओकिनावात कराटे शाळेत आणताना आन्को इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यार्थ्यांसाठी पिनान हे सोपे क्रम रचले. ज्यूदोची स्थापना १८८२ साली करणारे जिगोरो कानो हे स्वतः शिक्षक होते; त्यांच्या विद्येत प्रथम नीट पडावयास शिकवितात. स्वतःच्या वेगाने सतत धडपडणाऱ्या मुलास नीट पडता येणे ही लहान गोष्ट नव्हे. मल्लखांबावर एका वेळी एकच मूल असते आणि हात सुटला की मन भटकल्याचे फळ तत्काळ मिळते. मात्र खाली जाड गादी आणि जवळ उभा राहणारा जाणता माणूस हवाच. केरळातील कळरीत तर कलेसह मर्म व तैलमर्दन यांची परंपरा आहे, ती आपल्याला परकी वाटू नये.

पालकांस आम्ही पाच गोष्टी पाहून येण्यास सांगतो. एका शिक्षकामागे आठ-दहांहून अधिक मुले नसावीत. प्रत्येक दिवसाचा क्रम ठरलेला असावा. वाट पाहण्याचा काळ अल्प असावा. श्रमाची वा अपमानाची शिक्षा नसावी. डोक्यावर आघात होईल अशी झुंज व स्पर्धा लहान वयात नसावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस, अर्धा ते पाऊण तास पुरेसा आहे. कपाळावर व काखेत घाम आला, तोंड कोरडे पडून श्वास तोंडाने सुरू झाला, की अर्धशक्ती झाली असे समजून थांबावे. वाग्भटांनी व्यायामानंतर अंग मर्दन करावे असे सांगितले आहे. आई-वडिलांनी रात्री पायास तेल लावून दहा मिनिटे जवळ बसावे. दिवसभर केवळ ओरडा खाणाऱ्या मुलास तेवढा स्पर्श आवश्यक असतो.

औषध व औषधविक्रेते

आता औषधालय चालविणाऱ्या आमच्या मित्रांस एक विनंती. परीक्षेच्या तोंडावर 'स्मरणशक्ती' व 'एकाग्रता' यांच्या बाटल्या आपल्या काउंटरवरून किती खपतात, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांतील पुष्कळ कल्प निरुपद्रवी असतील. मेध्य रसायनांवर आमची श्रद्धा आहे; मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी आम्हीही योजतो. झोप, अग्नी व कोष्ठ सुधारल्याने बालकास बरे वाटते, असा आमचा अनुभव आहे. परंतु तीच बाटली तिसऱ्यांदा नेणाऱ्या आईस "मुलाला कुणाला दाखवलंत का?" एवढा एक प्रश्न आपण विचारलात, तर एखाद्या बालकाचे वर्ष वाचेल. वचेची मात्रा चुकली तर वमन होते. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो. रसौषधी बालकास वैद्याच्या देखरेखीवाचून देण्याची नव्हेत. ही औषधे "मुलगा फार उड्या मारतो" एवढ्या तोंडी तक्रारीवर कृपया देऊ नयेत.

आणि वैद्यबंधूंस विनंती अशी, की तज्ज्ञांनी सुरू केलेली गोळी आपल्या शब्दावर बंद करवू नये. भूक मंदावणे, झोप उशिरा येणे असे त्रास दिसल्यास ते लिहून त्या तज्ज्ञांस कळवावे आणि आपण काय देत आहोत तेही कळवावे. यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही. चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्य हा एक पाद आहे. उरलेले तीन पाद त्यास सांभाळावे लागतात.

तो मुलगा वर्षभरानंतर कसा होता, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. चमत्कार झाला नाही. डबा विसरणे चालूच होते आणि गोळीही चालूच होती. मात्र तो वीस मिनिटे अभ्यासास बसू लागला, रात्री वेळेवर झोपू लागला, आणि आमच्या खोलीत आल्यावर वजनकाट्याकडे धावण्याआधी एकदा आमच्याकडे पाहू लागला. आम्ही मान डोलावली की मग चढे. तो क्षणभराचा थांबा ही त्या तालमीची कमाई होती.

वडिलांनी पुन्हा कधी "हा दमेल ना?" असे विचारले नाही. यापुढे आपल्या दाराशी हा प्रश्न येईल, तेव्हा आपणही होकार देण्याआधी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.